शंभर फुटाची दोरी, देवमासा अन् आपला पाऊस

परवाच्या शनिवारी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात देवमाशावर बोलायला गेले होते. गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना संपली अन् लोक उठायच्या आत सरपंच ताईंनी माइकवर सांगितलं की बसून राहा बाप्पा, मॅडम आल्या आहेत, समुद्राची माहिती सांगणार आहेत. मी लॅपटॉप उघडला, प्रोजेक्टर लावला, पहिला फोटो भिंतीवर आला अन् लाइन गेली. अशा वेळी मी आता घाबरत नाही, पिशवीतून दोरी काढते.

ही दोरी म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली साधी नायलॉनची दोरी, बरोबर शंभर फूट, जागोजागी रंगीत रिबन बांधलेल्या. मोबाइलच्या टॉर्च लावून पोट्ट्यांना म्हटलं की एक टोक घेऊन मंदिराच्या पायरीपाशी उभं राहा अन् दुसरं टोक घेऊन चालत सुटा. ते हातपंपाच्या पलीकडे, किराणा दुकानाच्या ओट्यापर्यंत गेले तरी दोरी संपेना. मग सांगितलं की एवढा एक जीव असतो, निळा देवमासा, ब्लू व्हेल, मोठ्यात मोठी मादी शंभर फुटाच्या आसपास जाते अन् वजन दीडशे टन. टन म्हटलं की आपल्याकडे डोळ्यासमोर काही येत नाही, म्हणून मी क्विंटलमध्येच सांगते, पंधराशे क्विंटल. चारशे किलोचा एक बैल धरला तर पावणेचारशे बैल एका जिवात. अन् त्याचं नुसतं काळीज पावणेदोन-दोन क्विंटलचं.

तिथं पुढेच एक आजी बसल्या होत्या, सत्तरीच्या वर असतील, दोरीकडे पाहून म्हणाल्या, "मॅडम, एवढ्या मोठ्या मासोळीची अंडी केवढाली असतील वं?"

या प्रश्नाची मी दर गावात वाट पाहते. कारण सगळं इथूनच सुरू होतं. मी म्हटलं, आजी, तो मासाच नाहीये. आपण नाव देवमासा ठेवलं पण तो अंडी देत नाही, पिल्लू देतो, एका वेळी एकच, दहा-बारा महिने पोटात वाढवून. त्याला कल्ले नाहीत, वर येऊन आपल्यासारखाच हवेतला श्वास घेतो. रक्त गरम. अन् पिल्लाला दूध पाजतो.

"दूध? पाण्यात?" मागून एक काकाजी उठूनच उभे राहिले. त्यांच्याकडे सहा म्हशी आहेत हे मला नंतर कळलं.

मग पाऊण तास आम्ही फक्त दुधावर बोललो, खरंच. पाण्यात दूध पाजलं तर वाहून जाणार नाही का, सड कुठं असतात, फॅट किती लागते. मी सांगितलं की सड कातडीच्या फटीत आत दडलेले असतात, पिल्लू जवळ आलं की आई दुधाची धार सोडते, अन् ते दूध आपल्या दुधासारखं पातळ नसतंच, टूथपेस्टसारखं घट्ट असतं, त्यामुळे पाण्यात लगेच विरघळत नाही. फॅट पस्तीस ते पन्नास टक्के. हे ऐकल्यावर काकाजींनी डोक्याला हात लावला, कारण म्हशीच्या दुधाला सहा-सात फॅट लागली की डेअरीत आपण खूश असतो. अन् पिल्लू जन्मतानाच पंचवीस क्विंटलचं, तेवीस-चोवीस फूट लांब (तिथं दोरीला पिवळी रिबन आहे), रोज दोनशे लिटरच्या आसपास दूध पितं अन् दिवसाला नव्वद किलो वाढतं. म्हणजे रोज जवळजवळ एक क्विंटल. आजी नुसत्या "माय वं, माय वं" करत होत्या अन् मग हळूच म्हणाल्या, "मंग त्या मायले किती खा लागत असन."

मी तीन-चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा बोलायला लागले तेव्हा हे मला जमत नव्हतं. मी झूलॉजी शिकवते, तर माझी सवय म्हणजे वर्गीकरणापासून सुरू करायचं, दात असलेले व्हेल अन् दात नसलेले, मग जाती, मग स्थलांतर, अन् लोक अर्ध्या तासात उठून जायचे. एका ठिकाणी तर एका मोठ्या माणसानं तोंडावर विचारलं की इथं कापसाला भाव नाही अन् तुम्ही समुद्रातल्या माशाचं काय सांगून राहिल्या, सहाशे-सातशे किलोमीटरवर समुद्र. त्या दिवशी घरी येताना एसटीत मला फार वाईट वाटलं होतं. त्याचं बोलणं चूक होतं म्हणून नाही, त्याच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर असूनही मी तिथं ते देऊ शकले नाही म्हणून. आज ते उत्तर लिहायचं म्हणूनच ही पोस्ट लिहायला घेतली.

पण आधी हे सांगते की हे सगळं सुरू कसं झालं. मी स्वतः बावीस वर्षांची होईपर्यंत समुद्र पाहिला नव्हता. बीएस्सीच्या सहलीत दापोलीकडे हर्णैला गेलो, सकाळी होडीत बसलो अन् अचानक डॉल्फिनच्या राखाडी पाठी वर आल्या, तीन का चार, फूस करून श्वास सोडला अन् खाली गेल्या. तो श्वासाचा आवाज माझ्या कानात बसला तो बसलाच. आमच्या गोठ्यात रात्री बैल असा श्वास सोडायचे, अगदी तसाच आवाज. मग वाचायला लागले, मिळेल ते.

अन् नोव्हेंबर २०२३ ला गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर व्हेलचं पिल्लू येऊन पडलं. तुम्हीही ते व्हिडिओ पाहिले असतील. लोक बादल्यांनी त्याच्यावर पाणी टाकत होते, अंगावर ओली कापडं घालत होते की कातडी वाळू नये, दोरखंड लावून बोटीनं ओढून त्याला परत खोल पाण्यात नेलं, अन् ते परत किनाऱ्याला आलं अन् शेवटी गेलं. इकडं आमच्या गल्लीत, जिथं कोणी समुद्र पाहिला नाही, तिथं बायका रोज संध्याकाळी मला विचारायच्या की काय झालं वं त्या पिल्लाचं. शेजारच्या वहिनींच्या डोळ्यात पाणी होतं. तेव्हा मला कळलं की लोकांना अंतराशी काही घेणं नाहीये, त्यांना फक्त कोणीतरी सांगायला पाहिजे. त्याच्या आठ वर्षं आधी, जून २०१५ मध्ये, रायगडमध्ये रेवदंड्याला बेचाळीस फुटी ब्लू व्हेल जिवंत किनाऱ्याला लागला होता अन् तिथंच मेला. बेचाळीस फुटावर दोरीला निळी रिबन आहे ती त्याचीच.

परत गावात येते. दुधानंतर लाइन आली पण मी प्रोजेक्टर लावलाच नाही, रंगात आलं होतं सगळं. मी विचारलं की हा देवमासा आपल्या गोठ्यातल्या कोणाचा नातेवाईक असेल. पोट्टे म्हणे शार्क, मगर, एक जण हत्ती म्हणाला. खरं उत्तर ऐकून सगळे हसले अन् मग गप्प झाले. गाय, हरीण, डुक्कर, उंट हे खुरवाले प्राणी ज्या कुळातले त्याच कुळातून व्हेल आला. आज जिवंत असलेला त्याचा सर्वात जवळचा भाऊबंद म्हणजे पाणघोडा. अन् याचा पुरावा आपल्याच देशात सापडला आहे, जम्मू-काश्मीरमध्ये कालाकोटला. तिथल्या खडकात साधारण चार कोटी ऐंशी लाख वर्षं जुन्या एका छोट्या प्राण्याची हाडं मिळाली, मांजराएवढा, दिसायला बारक्या हरणासारखा, नाव ठेवलं इंडोह्यूस. त्याच्या कानाचं हाड व्हेलच्या कानाच्या हाडासारखं निघालं. हे संशोधन २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. गुजरातेत कच्छमध्येही जुन्या व्हेलांचे अवशेष मिळतात, ज्यांना अजून पाय होते. म्हणजे ही जमीन सोडून पाण्यात जायची गोष्ट आपल्याच आजूबाजूला घडली. अजूनही व्हेलच्या पोटाला गाईसारखे कप्पे असतात. म्हशीवाले काकाजी म्हणाले, "म्हणजे रवंथ करते का थे?" रवंथ नाही करत, पण हा प्रश्न मला कॉलेजात एकाही मुलानं कधी विचारलेला नाही.

मग पोट्ट्यांचा प्रश्न आला, तो येतोच, "मॅडम व्हेलच्या उलटीचे कोटी रुपये मिळतात ना?" बातम्यांमध्ये सारखं येतं, अमुक ठिकाणी उलटी पकडली, इतक्या कोटींची. मी हा प्रश्न टाळत नाही, कारण पैशाची ओढ खेड्यातल्या पोराला किती असते हे मला माहीत आहे अन् त्याच्यामुळेच त्याला कोणीतरी अडकवतं. ही वस्तू अंबरग्रीस, ती स्पर्म व्हेल नावाच्या जातीच्या आतड्यात तयार होते. हा व्हेल हजार मीटरपेक्षा खोल बुडी मारून माखलासारखे (स्क्विड) प्राणी खातो, त्यांच्या टोकदार चोची पचत नाहीत, त्यांच्याभोवती आतड्यात हा मेणासारखा गोळा बनतो. परफ्यूममध्ये वास टिकवायला वापरायचे. पण आपल्या देशात स्पर्म व्हेल वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तर त्याचा कोणताही भाग बाळगणं अन् विकणं हा गुन्हा आहे, थेट जेल. पोरांना स्पष्ट सांगितलं की कोणी म्हणालं एवढं पाकीट नागपूरला पोचवून दे अन् वीस हजार घे, तर पळून जा तिथून.

त्यानंतर आम्ही शेणावर आलो. हा माझा सगळ्यात आवडता भाग, इथं मला घाई करावीशी वाटत नाही. श्रीलंकेच्या समुद्रशास्त्रज्ञ आशा डी व्होस यांची गोष्ट मी इथं सांगते. २००३ मध्ये त्या श्रीलंकेजवळ एका जहाजावर होत्या, समोर ब्लू व्हेल दिसले, अन् पाण्यावर तरंगत होतं त्यांचं लाल रंगाचं शेण. तोपर्यंत पुस्तकात असं होतं की ब्लू व्हेल खायला थंड पाण्याकडे जातात अन् गरम पाण्यात पिल्लं द्यायला येतात. पण शेण आहे म्हणजे इथं खाणं चालू आहे! लाल रंग कोळंबीसारख्या बारीक जीवांचा. एवढ्या एका शेणावरून त्यांनी ओळखलं की हे श्रीलंकेजवळचे व्हेल वेगळे आहेत, ते दूर न जाता इथल्याच गरम पाण्यात खाऊन-पिऊन राहतात. गावातल्या बायकांना हे लगेच पटलं कारण शेण पाहून ढोर काय खाल्लं, बरं आहे का नाही, हे त्या रोजच ओळखतात.

अन् हे शेण समुद्राचं खत आहे. व्हेल खोलवर जाऊन खातो अन् वर येऊन हगतो, तर तळाची ताकद वर येते. अंटार्क्टिकाच्या समुद्रात मोजलं तर व्हेलच्या शेणात लोह आजूबाजूच्या पाण्यापेक्षा जवळजवळ एक कोटी पट जास्त निघालं. त्या समुद्रात लोहाचीच कमी आहे, युरिया नसला की पीक जसं पिवळं पडतं तसं. ते लोह मिळालं की पाण्यात डोळ्याला न दिसणारी हिरवी वनस्पती वाढते, तिला खाऊन क्रिल नावाचे बोटाएवढे जीव वाढतात, अन् क्रिल खातो ब्लू व्हेल, दिवसाला चाळीस क्विंटलच्या आसपास. एक आबाजी म्हणाले, "म्हणजे ढोरं इकली की वावर हलकं होते, तसंच झालं हे." अगदी तसंच झालं आहे. विसाव्या शतकात माणसानं मोठ्या जहाजांवरून जवळजवळ एकोणतीस लाख व्हेल मारले. तेलासाठी, मांसासाठी, साबण अन् मार्गारिनसाठी. अंटार्क्टिकाकडचे ब्लू व्हेल सव्वादोन लाखांच्या वर होते, ते सत्तरच्या दशकापर्यंत साडेतीनशेच्या आसपास उरले. एवढं मोठं गोठ्यातलं धन विकून टाकल्यावर वावराचं काय होईल ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

आता तो मोठा प्रश्न, इथं कापसाला भाव नाही अन् समुद्राचं काय सांगता.

आपल्याकडे पाऊस दोन्ही बाजूंनी येतो, अरबी समुद्राकडून अन् बंगालच्या उपसागराकडून. जूनमध्ये नैऋत्येचा जो वारा सुटतो, ज्याची वाट पाहत आपण पऱ्हाटीचं बियाणं घरात ठेवून आकाशाकडे पाहतो, तो वारा आपल्याकडे यायच्या आधी सोमालिया अन् ओमानच्या किनाऱ्यावरून जोरात वाहतो. तिथं तो समुद्राचं वरचं पाणी बाजूला लोटतो अन् खालचं थंड, ताकदीचं पाणी वर येतं. मी याला समुद्राची नांगरट म्हणते, तळाची माती वर आली की पीक जोमानं येतं ना, तसं. या नांगरटीवर तिथं मासे वाढतात अन् त्या माशांवर, क्रिलवर एक फार वेगळा व्हेल जगतो, अरबी समुद्रातला हंपबॅक, म्हणजे कुबड्या व्हेल. बाकी जगातले हंपबॅक हजारो किलोमीटर जाऊन येऊन करतात, पण हा कुठंच जात नाही, वर्षभर याच समुद्रात. जनुकं तपासल्यावर कळलं की हे लोक जवळजवळ सत्तर हजार वर्षांपासून बाकीच्यांपासून तुटलेले आहेत. ओमानच्या पाण्यात ते शंभरपेक्षाही कमी आहेत. १९६५-६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी याच समुद्रात २४२ हंपबॅक मारले होते, गुपचूप, त्याची खरी नोंद बाहेर यायला पुढे तीस वर्षं लागली.

म्हणजे जो वारा त्या व्हेलचं ताट भरतो तोच वारा आपल्या वावरात पाऊस आणतो. एकच वारा.

अन् तो समुद्र तापून राहिला आहे. हवेत जी जास्तीची उष्णता अडकते तिच्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त समुद्रच पितो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल यांचं यावर मोठं काम आहे. हिंदी महासागराचा पश्चिम भाग गेल्या शंभर वर्षांत उन्हाळ्यात १.२ अंशांनी तापला. वरचं पाणी गरम झालं की ते हलकं होतं अन् झाकणासारखं वर बसतं, खालचं थंड पाणी वर येऊ देत नाही, म्हणजे नांगरट थांबते. त्यांच्याच अभ्यासात निघालं की त्या भागातली ही हिरवी वनस्पती गेल्या सहा दशकांत वीस टक्क्यांपर्यंत कमी झाली. व्हेलचं ताट रिकामं व्हायला लागलं. अन् आपलं? गरम समुद्रावरून वाफ जास्त उठते, ती मध्य भारतावर एकदमच येऊन आपटते. १९५० ते २०१५ मध्ये मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात आपला महाराष्ट्र आहे, मोठ्या भागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, अन् एकूण पाऊस मात्र कमी होत गेला. म्हणजे महिनाभर उघाड अन् मग दोन दिवसांत सगळं.

हे मी बोलले तेव्हा कोणीच काही बोललं नाही. मग काकाजींनीच सुरुवात केली, की सोयाबीनच्या शेंगा भरल्या होत्या अन् तीन दिवस पाणी थांबलंच नाही, शेंगांना उभ्या झाडावर कोंब आले. दुसऱ्यानं नाल्याकाठची दीड एकर माती खरडून गेल्याचं सांगितलं, नुसते गोटे राहिले वावरात. एक तरुण भाऊ म्हणाला की दुबार पेरणीचं कर्ज अजून फिटलं नाही. बराच वेळ ते एकमेकांशीच बोलत होते, कोणत्या वर्षी काय झालं, अन् मी ऐकत होते. मध्येच आबाजींनी मला विचारलं, "मंग थ्या देवमाशाचंही असंच झालं काय, पेरलं अन् उगवलंच नाही?" मी हो म्हटलं.

मग त्यांना लुबानची गोष्ट सांगितली. लुबान ही हंपबॅक मादी. ओमानच्या संशोधकांनी २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये तिच्या पाठीवर उपग्रहाला सिग्नल देणारं छोटं यंत्र लावलं. लुबान म्हणजे अरबीत तो धूप, ऊद-लोभानातला लोबान. डिसेंबरमध्ये ती सरळ अरबी समुद्र ओलांडून आपल्या गोव्यासमोर आली अन् तिथून खाली कन्याकुमारीपर्यंत गेली. त्याआधी कोणालाच माहीत नव्हतं की हे व्हेल ओमान अन् भारत अशी ये-जा करतात. एक बाई म्हणाली, "माहेरी आली असन." मला ते इतकं आवडलं की आता प्रत्येक गावात मी ते सांगते. अन् हे पण सांगते की तिच्या वाटेत जगातले सगळ्यात गजबजलेले जहाजांचे रस्ते आहेत, मासेमारीची जाळी आहेत.

जहाजांवरून आवाजाचा विषय निघाला. व्हेल अन् डॉल्फिन कानानं जगतात. पाण्यात आवाज सेकंदाला दीड हजार मीटर जातो, हवेपेक्षा चार-साडेचार पट वेगानं, त्यामुळे ते एकमेकांना मैलोन् मैल ऐकतात. डॉल्फिनना तर स्वतःची नावं असतात म्हणा ना, प्रत्येकाची वेगळी शिट्टी, अन् दुसरे ती शिट्टी मारून त्याला हाक देतात. आता विचार करा, गावात रात्रंदिवस डीजे वाजत राहिला अन् तुमचं पोरगं अंधारात हरवलं तर त्याची हाक कशी ऐकू येईल. जहाजांचा आवाज म्हणजे तसा. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेवर हल्ला झाला तेव्हा काही दिवस जहाजं फार कमी झाली होती. कॅनडाच्या फंडी उपसागरात तेव्हा राइट व्हेलांचं शेण गोळा करणारे संशोधक होते, त्यांनी नंतर तपासलं तर त्या दिवसांत त्या व्हेलांच्या अंगातलं ताणाचं रसायन उतरलेलं निघालं. शेण शोधायला वास घेणारी कुत्री नेतात होडीवर. (हे ऐकून पोट्टे फार खूश होतात.) याच राइट व्हेलांचं खाणं, तांदळाच्या दाण्याएवढे जीव, पाणी तापल्यामुळे २०१० च्या सुमारास उत्तरेला सरकलं, तर बिचारे त्याच्या मागे नवीन जागी गेले जिथं त्यांच्यासाठी जहाजांवर कोणतेच नियम नव्हते, अन् २०१७ या एका वर्षात १७ मेले. पोटासाठी गाव सोडून पुण्या-मुंबईकडे जाणारी माणसं आपण रोज पाहतो, म्हणून हे मी जास्त समजावत नाही.

सगळंच वाईट नाहीये अन् ते सांगायला मी विसरत नाही, लेकरं समोर बसलेली असतात. १९८२ मध्ये ठरून १९८६ पासून व्यापारी शिकारीवर जगभर बंदी आली. काही देश अजून मारतात, पण बहुतेकांनी सोडलं. ब्राझीलच्या बाजूचे हंपबॅक एकदा साडेचारशेवर आले होते, आता ते पंचवीस हजारांच्या आसपास आहेत. आपल्याकडे गंगेतली डॉल्फिन, जिला धड दिसतही नाही अन् जी आवाजावरच शिकार करते, २००९ मध्ये राष्ट्रीय जलचर प्राणी झाली, अन् देशातल्या नद्यांमधल्या डॉल्फिनांची पहिली पूर्ण मोजणी २०२५ मध्ये जाहीर झाली, ६३२७. ओडिशातल्या चिलिका सरोवराचं तोंड गाळानं बुजलं होतं, २००० मध्ये नवीन तोंड खोदलं अन् तिथल्या इरावडी डॉल्फिनांचं घर परत सुधारलं. गाळ काढणं, नाला खोलीकरण हे आपल्या गावात सगळ्यांनाच माहीत आहे.

अन् पाणी तर आपलंही तिकडंच जातं. या गावाचा नाला अडाण नदीत, अडाण पैनगंगेत, पैनगंगा वर्धेत, वर्धा वैनगंगेला भेटून प्राणहिता होते, ती गोदावरीत अन् गोदावरी बंगालच्या उपसागरात. फवारणीचे रिकामे डबे नाल्यात धुतले तर ते कुठं जातं हे मी पोरांकडून नद्यांची नावं पाठ म्हणवून घेत सांगते. मी ओरडून सांगत नाही. फवारणीत आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातली माणसं गेलेली आहेत, त्या विषाचं काय करायचं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

शेवटी एक गोष्ट सांगायची का नाही असं दर वेळी वाटतं अन् मी सांगतेच. अमेरिका-कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ ऑर्कांचा एक गट आहे, पंचाहत्तरच्या आसपास उरलेत. ऑर्का म्हणजे काळा-पांढरा, डॉल्फिनच्याच घरातला सगळ्यात मोठा. ते एकाच जातीच्या सामन (सॅल्मन) माशावर जास्त करून जगतात अन् तो मासा कमी झाला, नद्यांवर धरणं झाली, पाणी बदललं. जुलै २०१८ मध्ये त्यांच्यातल्या एका मादीला, ताहलेक्वा म्हणतात तिला, पिल्लू झालं अन् अर्ध्या तासात गेलं. तिनं ते सोडलं नाही. डोक्यावर घेऊन, घसरलं की परत बुडी मारून उचलून, सतरा दिवस ती पोहत राहिली.

मी एवढंच सांगते अन् थांबते. त्या रात्री पुढच्या आजी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या की त्यांच्या कपिलेचं वासरू मेलं होतं तेव्हा तिनं चार दिवस चारा तोंडात घेतला नव्हता, "अन् मीही नव्हता घेतला, माह्या बारक्याच्या वेळी." बाजूच्या बायकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटतं त्या बारक्याबद्दल त्या गावात बऱ्याच वर्षांत कोणी बोललं नसेल.

साडेदहा झाले होते. सरपंच ताईंनी आभार मानले, चहा झाला, मी सामान आवरायला लागले तर दोरी सापडेना. पाहिलं तर पाच-सहा पोट्टे अंधारात शाळेच्या भिंतीला लावून दोरी मोजत होते. त्यातला एक सहावीतला असेल, म्हणाला मॅडम, सोमवारी जे पोरं आज नाही आले त्यांना दाखवायची आहे, अन् आम्ही भिंतीवर चुन्यानं पूर्ण काढणार आहोत, पिल्लू पण काढू बाजूला, पिवळ्या रिबनीएवढं. पण भिंत साठच फूट आहे, तर शेपटी कुठं काढायची?

मी म्हटलं कोपऱ्यावरून वळवा. दोरी तिथंच ठेवून आले, या आठवड्यात नवीन आणते, पुढचा शनिवार आर्णी तालुक्यात आहे.